आंब्याखालच्या मोळ्या

देवजीशेठच्या कुंदनने एवढी वर्षं जो कंद लावला त्याचं पुढे काय झालं, असं बोनकोड्यात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. "फसला तो. जातच खराब निघाली." पानाच्या टपरीवर हेच, हळदीच्या पंगतीत हेच. कुंदन स्वतः तिथे बसलेला असला तर तोही मान डोलावतो, आणि माझं डोकं फिरतं. जात खराब नव्हती. मी ती खाल्लेली आहे. देवजीबाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. ज्यांचं मन राखायचं ते राहिले नाहीत, म्हणून आता खरं काय झालं ते सांगते.

मी मीना, त्यांची भाडेकरू. माहेर बार्शीचं, नोकरी बेलापूरच्या सरकारी कचेरीत, आणि जीभ पहिल्यापासून तिखट. देवजीबाबांच्या बिल्डिंगीत राहायला आले तेव्हा "गच्ची वापरा खुशाल," असं त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं होतं. पहिल्याच रविवारी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर गेले, तर दोरी बांधायलाही जागा नाही. रंगाचे रिकामे डबे, फुटके टब, माती भरलेल्या सिमेंटच्या गोण्या, आणि प्रत्येकात कमरेएवढं झाड. पंजासारखी पानं. निम्म्याहून जास्त झाडांची पानं मुरगळलेली, त्यांवर पिवळे चट्टे. झाडांमध्ये एक दाढी वाढलेला माणूस उकिडवा बसला होता. हा घरमालकाचा मुलगा.

"ही मेलेली झाडं आधी इथून काढा," मी म्हणाले.

"मेलेली नायत वैनी, आजारी हायत," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवलीत."

त्या दिवशी मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग उठून चार टब सरकवले आणि माझी दोरी स्वतः बांधून दिली. अशा माणसाशी भांडण फार टिकत नाही. पुढे आमचं घरोब्याचं झालं. त्याची बायको नमिता माझी मैत्रीण झाली, आणि आजारी झाडांचं प्रकरण मला हळूहळू कळत गेलं.

कुंदन वाशीच्या मार्केटात साबुदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. गोणीत हात घालून मूठभर साबुदाणा काढायचा, तळहातावर पसरायचा, आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. साबुदाणा झाडाला लागतो असं मला चाळिशीपर्यंत वाटत होतं. "आयुष्यभर एकादश्या केल्या आनि हे ठाऊक नाय?" म्हणून तो मला मनसोक्त हसला. मग त्यानेच दाखवलं. त्या पंजासारख्या पानांच्या झाडाखाली जमिनीत जाडजूड कंद लागतात, साबुकंद. ते किसून, धुऊन, त्याच्या सत्त्वाचा साबुदाणा करतात. पण केरळात आणि आफ्रिकेत लोक तो कंद नुसता उकडून खातात, भाकरीसारखा, रोजचा.

व्यापाऱ्याने त्याला खरेदीसाठी तमिळनाडूत पाठवलं होतं. तिथे त्याने रोगाने गेलेली शेतंच्या शेतं पाहिली. पानं आक्रसतात, चट्टे पडतात, खाली कंद बोटाएवढा राहतो. पांढरी माशी तो रोग या झाडावरून त्या झाडावर नेते. आणि माशीपेक्षा जास्त माणूस नेतो. कारण हा कंद कंदापासून येत नाही, बटाट्यासारखे त्याला डोळे नसतात. खोडाची वीतभर कांडी तोडून लावायची, ती फुटते. आजारी झाडाची कांडी लावली की आजार आयता नव्या शेतात.

हे कुंदन शिकला तो ठेच खाऊन. पहिल्या खेपेला तो तिकडून कांड्यांचा भारा घेऊन आला आणि कळंबोलीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला नमिताचं माहेर आहे, तिथे त्याने घरोघर वाटल्या. त्या गावात उताराची जमीन. नाचणी बंद पडलेली, भात पिकत नाही, पावसाळ्याच्या मधल्या दिवसांत घरातला तांदूळ संपतो. कुंदन त्यांना म्हणाला होता, "घरात दाना नसला तरी जमिनीत जेवन राहील. लागंल तवा खनून काढा." लोकांनी जावईबापूंच्या शब्दावर शेतं खणली. तीन महिन्यांत सगळी पानं मुरगळली. कांड्याच रोगट होत्या, ते त्याला ओळखता आलं नव्हतं. त्या वर्षी गावाने तो खड्डा तांदूळ विकत आणून भरला, आणि सासुरवाडीच्या अंगणात म्हाताऱ्या बायका त्याला ऐकू जाईल अशा हसल्या. कुंदनला ते हसणं लागलं नाही. लागलं ते नंतर, जेव्हा त्याच बायकांनी त्याच्यापुढे जेवणाचं ताट आणून ठेवलं.

तेव्हापासून त्याने ठरवलं की रोगाला दाद न देणारी जात काढायची, आणि तिची पारख पुरती होईपर्यंत आपल्या हातची एक कांडी बाहेर जाऊ द्यायची नाही. हा हट्ट लक्षात ठेवा. पुढे त्यानेच घात केला.

दक्षिणेत कंदांवर काम करणाऱ्या एक डॉक्टर बाई होत्या, प्रियदर्शिनी म्हणून. कुंदनने त्यांना गाठलं. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत दोघांची गट्टी जमली. त्यांनी त्याला दोन जाती दिल्या. एक दणकट, रोगाला भीक न घालणारी, पण विषारी कडू. दुसरी गोड, उकडली की लोण्यासारखी, पण रोगाचा वाराही सोसत नसे. या दोघींचा संकर करायचा. त्यासाठी फुलं लागतात. भर दुपारी, मादीफूल उघडायच्या वेळेला, कुंदन डोक्याला पंचा बांधून गच्चीवर बसायचा. एकीचं नरफूल खुडून दुसरीच्या मादीफुलावर हलकेच टेकवायचं, वर मलमलीची पिशवी बांधायची. दुपारची सुट्टी मिळावी म्हणून त्याने मार्केटात पहाटेची पाळी मागून घेतली होती. त्या पिशव्या नमिताने शिवलेल्या, माझ्या जुन्या दुपट्ट्याच्या. फळं तडकली की एरंडीसारख्या बिया मिळायच्या. प्रत्येक बीचं रोप वेगळं. आई-बाप तेच, पण एक पोर कडू, एक रोगट, एक किडकिडीत.

ही रोपं तो आजारी झाडांच्या मधोमध ठेवायचा. "माश्यांना म्हनायचं, या, घ्या. त्यातून जी वाचंल ती आपली." बहुतेक वाचत नसत. दर पावसाळ्यानंतर तो मुरगळलेली रोपं उपटून पिशवीत भरायचा आणि जाळायला न्यायचा, तेव्हा मी जिन्यात भेटले तरी बोलायचा नाही. जी वाचत त्यांचा कंद उकडून आधी स्वतः खायचा, बोटभर तुकडा. कडू लागला तर थुंकून चूळ भरायची. नमिता पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसलेली असायची. "यांचं काय झालं तर मी लोकांना काय सांगू? नवरा साबुदाण्यानं गेला?" हे ती हसत म्हणायची, पण हातातला तांब्या खाली ठेवायची नाही.

आणि मग ती आली. गच्चीच्या पाण्याच्या टाकीजवळ निळ्या टबात. दोन पावसाळे आजाऱ्यांच्या गराड्यात उभी राहिली आणि तिच्या एका पानाला सुरकुती नाही. कंद काढला, उकडला, कुंदनने तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबला. दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा तुकडा नमिताच्या तोंडात घातला आणि गच्चीवर आम्हा बायकांसमोर हा बाप्या हमसून हमसून रडला. मलाही एक तुकडा मिळाला. गोड होता. आत धागाही नाही, दातांखाली पिठूळ, उकडलेल्या रताळ्याहून सौम्य. त्या दिवसापासून नमिता त्या झाडाला 'माझी सवत' म्हणायला लागली.

आता देवजीबाबांचं सांगते, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही.

देवजीबाबा म्हणजे गावातलं बियाण्याचं घर. खाडीकाठच्या खाजणात भात होत होतं त्या काळी अर्धं गाव त्यांच्याकडून बी न्यायचं. लोंबी निवडायची ती ते स्वतः, वाळवायची ते स्वतः, कणगीत भरून वर शेणाने लिंपायची तेही स्वतः. "देवजीच्या हातचा दाना फुटला नाय असा कदी झाला नाय," असं म्हातारी माणसं सांगत. मग शहर आलं. जमिनी गेल्या, खाजणावर सेक्टर उभे राहिले, आणि बियाण्याच्या घराला भाडेकरू लागले. बदल्यात सरकारकडून एक लहानसा प्लॉट मिळाला, तोही बरीच वर्षं मोकळाच पडून होता.

त्या प्लॉटवर कुंदनने आपल्या त्या झाडाच्या कांड्या लावल्या. एका झाडाच्या चार-पाच, त्यांच्या पुढच्या वर्षी आणखी, असं करत प्लॉट भरला. मूळ झाडाच्याही कांड्या केल्या, गच्ची रिकामी झाली, माझी दोरी आरपार बांधली गेली. पण बाप बिथरला. "दुसऱ्यांची पोरा टॉवर बांदतान, माजा उपासाचा कांदा लावतंय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. प्लॉटकडे फिरकायचेच नाहीत. कुंदनही कमी नाही. सगळ्या जगाला हा माणूस आपल्या कंदाचं तोंड दुखेपर्यंत सांगेल. मार्केटातल्या हमालांना सांगितलं, माझ्या कचेरीतल्या शिपायाला सांगितलं. बापाला एका शब्दाने सांगितलं नाही. जेवायला पाटाला पाट लावून बसायचे, आणि बोलणं काय, तर मीठ दे, पाणी दे. मला याचा राग तेव्हाही यायचा, आज तर फार येतो.

शेवटी बिल्डरशी करार झाला. पाडव्यानंतर प्लॉटवर काम सुरू होणार, म्हणजे हे शेवटचं पीक. आणि तेव्हा, दिवाळी झाल्यावर एका सकाळी, देवजीबाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन प्लॉटवर जाऊन बसले. डोक्याच्या वर गेलेलं हिरवंगार पीक. बसले ते दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुंदनशी बोलले नाहीत, पण मला जिन्यात गाठून म्हणाले, "मीनाताई, पोराचा हात चांगला हाय. पीक बोलतंय." मी ते जसंच्या तसं कुंदनला सांगितलं. तो नुसता "हां" म्हणाला आणि पाठ फिरवून टाकीच्या नळाशी कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

फाल्गुनात कंद काढले. एकेका झाडाखाली मांडीएवढे. देवजीबाबा पहिल्यांदा मातीत उतरले, हाताने माती उकरून कंद मोकळे करायला लागले, कोणाला हात लावू देईनात. त्या रात्री त्यांच्याकडे उकडलेले कंद आणि सुकटीचं कालवण असा बेत होता, मीही जेवायला होते. बाप-लेक शेजारी बसून बोलत होते. माती, पाणी, खत. इतकं बोलणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. पण बी कशाचं धरायचं, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. एकाला वाटलं, यात विचारायचं काय? दुसऱ्याला वाटलं, यात सांगायचं काय?

खोडं कुंदनने एकेक तपासली, मोळ्या बांधल्या आणि बिल्डिंगीला लागून असलेल्या त्यांच्या जुन्या घरामागे विहिरीजवळ आंब्याच्या सावलीत उभ्या करून ठेवल्या. पानं गळलेली, करड्या सालीची, वाळकी दिसणारी खोडं. पावसाला सुरुवात झाली की त्यांच्या कांड्या तोडायच्या आणि सगळ्या नमिताच्या माहेरी न्यायच्या. आता पारख पुरी झाली होती, आता द्यायच्या. प्रियदर्शिनीबाई दोन वर्षं फोनवर मागे लागल्या होत्या, थोड्या कांड्या माझ्याकडे पाठवा, सगळं एका जागी ठेवू नका. हा म्हणायचा, एकदा माझ्या हातून रोग गेलाय मॅडम, पुरती खात्री होऊ दे. या खेपेला मात्र तो म्हणाला, "होळी झाली की पाठवतो." बाईंनी फोनवर टाळी वाजवली, ती मलाही ऐकू आली.

होळीच्या दिवशी कुंदन आणि नमिता सकाळीच तिच्या माहेरी गेले. पिशवीत उकडलेले कंद. गावाला चाखवायचे आणि सांगायचं, या पावसाळ्यात प्रत्येक घराला कांड्या मिळतील.

बोनकोड्यात होळीला घराघरातून लाकूड जातं. देवजीबाबांच्या घराचं लाकूड मानाचं, पहिलं लागतं ते त्यांचं. शेती होती तेव्हा ते स्वतःच्या बांधावरचं असायचं. जमिनी गेल्यापासून वखारीतून विकत आणायचे, आणि दर होळीला म्हाताऱ्याचा जीव त्यावरून कासावीस व्हायचा. "इकतचा लाकूड देवाला. भिकारी झालो आपुन," असं मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

त्या दिवशी दुपारी मी कचेरीत होते. संध्याकाळी गावात शिरले तर होळी पेटलेली, बायका नैवेद्य दाखवतायत, आणि देवजीबाबा नवं धोतर नेसून, टोपी घालून, मधोमध ताठ उभे. इतके ताठ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला बघून त्यांनी हात केला. "मीनाताई, बगा. यंदा आपल्या सोताच्या जमिनीतला लाकूड हाय. शेवटचा. माज्या कुंदनच्या हातचा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जुन्या घरामागे धावत गेले. आंब्याखाली मोळ्यांच्या बुडाचे गोल ओले डाग होते, बाकी काही नव्हतं.

परत येते तो कुंदन आलेला. मोटारसायकल बाजूला लावून, हातात नारळ घेऊन, हसत होळीकडे चाललेला. सासुरवाडीला लोकांनी पोटभर खाल्लं होतं, त्या म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावून हसू लपवलं होतं, पण या खेपेचं ते हसू वेगळं होतं, हे नमिता मला दुरूनच सांगत होती.

"ये रे पोरा," देवजीबाबा म्हणाले. "नारल टाक. समदी मोली दिली मी. येक बी ठेवली नाय. देवाला द्याचा तर पुरा द्याचा."

कुंदनने होळीकडे पाहिलं. त्या खोडांत चीक असतो, तो चरचर आवाज करत होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या हातातला नारळ खाली पडला, गडगडत गेला. मला वाटलं, हा आता आगीत हात घालणार. नमिताने त्याचा शर्ट मागून धरला होता.

"आरं घाबरतस कशाला?" देवजीबाबा त्याच्या कानाशी वाकले. गंमत सांगावी तसं हळूच म्हणाले, "बियाना ठेवलाय मी. आदीच काढून ठेवलाय."

त्यांनी त्याला हाताला धरून घरात नेलं. आम्ही मागोमाग. कोनाड्यातून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. आत भाताचा तूस. तुसात हात घालून त्यांनी एक कंद वर काढला. पिकातला सगळ्यात मोठा, सगळ्यात सरळ. माती पुसलेली. देठ अगदी बुडाशी साफ कापून त्यावर राख चोळलेली, नासू नये म्हणून. खोडाचा नखभर तुकडाही ठेवला नव्हता. "चांगलं चांगलं निवडून ठेवलंन," ते म्हणाले. "मिरगाला लाव. माज्या हातचा हाय, फुटंल."

भात करणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? दाणा ठेवायचा, पेंढा उरतो. जे खायचं तेच बी. सत्तर वर्षं त्यांच्या हाताने हेच केलं होतं, आणि त्याबद्दल गावाने त्यांना मान दिला होता. पण हा कंद फुटत नाही. त्यातून कोंब येतच नाही. जे फुटणार होतं ते बाहेर चरचरत होतं.

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, मी म्हाताऱ्याला सांगून टाकणार होते, त्याच्या तोंडावर. नमिताने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

कुंदन बापाकडे पाहत होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काय आनंद होता हो. मुलाने पिकवलेलं देवाला दिलं, बियाणं राखलं, दोन्ही बाजू सांभाळल्या.

"बरं केलंत बाबा," कुंदन म्हणाला. "नीट ठेवा."

दुसऱ्या दिवशी धुळवड. रंग खेळून गाव झोपलं तरी कुंदन प्लॉटवर मातीत हात घालून फिरत होता, कुठे एखादं खोड राहिलंय का बघत. बिल्डरने पाडव्याची वाट न बघता खोदाईचं मशीन आधीच फिरवून ठेवलं होतं. होळीच्या राखेतून एक अर्धवट जळकं टोक मिळालं, ते त्याने कुंडीत खोचलं. ते फुटलं नाही. प्रियदर्शिनीबाईंना फोन केला तेव्हा मी तिथेच बसले होते. बाईंनी दोनदा विचारलं, एकसुद्धा नाही? मग म्हणाल्या, आपण पुन्हा संकर करू, आई-बाप दोन्ही माझ्याकडे आहेत. कुंदन म्हणाला, "हो मॅडम." फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "आई-बाप तेच हो वैनी. पन तीच पोर परत होते का?" आणि मग तो रडला, तोंडात पंचा कोंबून, खाली बापाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी त्याला बजावलं. "सांग त्यांना. उगाच का सहन करतोस? किती दिवस लपवशील?"

"काय सांगू? तुमच्या हातानं माझं सगळं जाळलंत? त्यांचं काय उरलंय सांगा. जमीन नाय, शेती नाय. हात तेवढा उरलाय. त्यो पन काढून घेऊ?"

मी त्याचा भिजलेला पंचा घेऊन दोरीवर टाकला.

चैत्र गेला, वैशाख गेला. देवजीबाबा त्या डब्याला कोणाला हात लावू देत नव्हते. सासुरवाडीहून फोन यायचे, जमीन खणून तयार आहे, कांड्या कधी आणता? कुंदन म्हणायचा, बघतो. मिरग जवळ आला तशी म्हाताऱ्याची लगबग वाढली. विहिरीजवळच्या आंब्याखाली त्यांनी आपल्या हाताने एक वाफा केला, दगड वेचले, शेणखत टाकलं. कुंदन मार्केटातून आला की त्याला तिथे नेऊन दाखवायचे. तो बघायचा, "छान झालाय" म्हणायचा, आणि वर जेवायला यायचा ते न जेवताच उठायचा.

मिरगाच्या दिवशी मी कचेरीतून आले तेव्हा देवजीबाबा वाफ्याच्या कडेला बसले होते. पुढ्यात डबा उघडा. वास जिन्यापर्यंत येत होता. आत तूस काळा पडला होता आणि त्यात चिखल झालेला होता. कंद म्हणावा असं काही नव्हतं. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या घाणीत माखलेले. ते चिवडून चिवडून शोधत होते.

"मीनाताई," ते म्हणाले, "माजा हात जेला." हात गेला, हे सांगताना आवाज लहान मुलासारखा झाला होता. "इतकी वरसा बी राखला. कोनाचा दाना कदी नासला नाय. आनि पोराचाच नासवला. त्याना एवडी वरसा खपून पिकवला, आनि माज्या हातात नासला."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले, ऑफिसच्या साडीनिशी. ज्या दुःखापासून म्हाताऱ्याला वाचवायचं म्हणून घराने एवढे दिवस ओठ शिवले होते, तेच दुसऱ्या दाराने आत आलं होतं. काय बोलावं? खरं सांगितलं तर त्यांनी जाळलं. खोटं ठेवलं तर त्यांनी नासवलं.

कुंदन आला तो सरळ मागेच आला. डबा पाहिला, बापाचे हात पाहिले. देवजीबाबांनी मान वर केली नाही. ज्या माणसापुढे अर्धं गाव बी मागायला उभं राहायचं, तो मुलापुढे गुन्हेगारासारखा बसला होता.

"पोरा, माजी चूक हाय," ते म्हणाले.

कुंदन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. पहिल्या दिवशी मी त्याला गच्चीवर तसाच बसलेला पाहिला होता.

"तुमची कसली चूक बाबा?" तो म्हणाला. "जातच खराब होती ती. मना आदीच कललेला. वरून बरी दिसायची, आतून नासकी. कोनाच्या पन हातात नासलीच असती."

मी त्याच्याकडे बघत राहिले. निळ्या टबातली ती. दोन पावसाळे रोगाच्या गराड्यात एक सुरकुती न पडू देता उभी राहिलेली. तिच्यासाठी हा माणूस भर उन्हात बसला होता, विष चाखत होता. तिला तो नासकी म्हणाला, आणि बोलताना त्याचा आवाज हललाही नाही.

देवजीबाबांनी वर पाहिलं. "खरा सांगतंस?"

"खरंच."

"बाहेर कोनाला दिली नायस ना?"

"नाय. येक कांडी पन नाय."

म्हाताऱ्याने डब्याचं झाकण लावलं. मग त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला, आणि इतक्या वेळाने चेहरा जरा सैल झाला.

"मंग बरा झाला," ते म्हणाले, "होलीत जेली ती."

"हो बाबा," कुंदन म्हणाला. "बरा झाला."

त्याने बापाला हात देऊन उठवलं, विहिरीवर नेलं, बादलीभर पाणी काढून त्यांचे हात कोपरापर्यंत धुतले, नखांतली घाण काढली, आपल्या पंच्याने पुसले. त्यांना घरात सोडून परत आला आणि डबा घासायला बसला. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी तो घासतच होता.